मुंगूस, लंडन मार्गे नेकनूर

इंग्रजीनं जगातल्या कुठल्या भाषेकडून काय उचललं, याची यादी फार लांब आहे. अरबीकडून घेतलं, फारशीकडून घेतलं, लॅटिन तर अख्खी घरात आणून ठेवली. आमच्या मराठीकडून काय घेतलं? मुंगूस.

आणखीही दोन-चार किरकोळ शब्द गेले असतील, मी नाकारत नाही. पण इंग्रजी कोशात स्वच्छ 'मराठीतून' असा शिक्का मारलेला पहिला शब्द मला सापडला तो हाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. बीडच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी कोश होता. वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून तो तिला टेकवून ठेवलेला असायचा. एका दुपारी वारा पडला होता म्हणून मी तो उचलला, धूळ ओढणीला पुसली आणि मधूनच उघडला. साप मारणारं जनावर, इतकं लिहून पुढं बारीक तिरक्या अक्षरांत आमच्या भाषेचं नाव. मोठ्या माणसांच्या लग्नात अचानक आपल्या गल्लीतलं कुणी पंगतीला बसलेलं दिसावं, तसं मला झालं.

मी धावत जाऊन आमच्या इंग्रजीच्या सरांना सांगितलं. सर चहा पीत होते. म्हणाले, "परीक्षेला येत नाही ते." कोश परत खिडकीला लागला.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात गेलेला एकच माणूस, माझा बाप. तो कॉलेजच्या पोरांना सोडायला जायचा. आमचं गाव नेकनूरपासून आत, आणि त्याची, म्हणजे अण्णांची, काळी-पिवळी जीप गावातून नेकनूर, तिथून मांजरसुंबा, पुढं घाट उतरून बीड, अशी रोज जायची. मी त्याच जीपमध्ये बसून बी.ए. झाले, एम.ए. झाले आणि सेटची परीक्षाही पास झाले. घरातली पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्याकडं लोक गुंठे सांगतात, मी डिग्र्या सांगते.

तर मुंगूस. त्या रात्रीच मी फोनवर त्याचा सगळा प्रवास काढला. पोर्तुगीज कोकणच्या किनाऱ्याला उतरले. त्यांनी हे जनावर बघितलं असणार, इथल्या कुणाला तरी नाव विचारलं असणार आणि तो म्हणाला असणार, मुंगूस. त्यांनी ते आपल्या तोंडाला झेपेल तसं घरी नेलं. त्यांच्याकडून फ्रेंचांनी घेतलं, शेवटी एक 'त' चिकटवून त्याचं मांगुस्त केलं. इंग्रजांनी घेतलं तेव्हा त्यांना त्यात त्यांचा 'गूस' ऐकू आला. गूस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ. मग त्यांनी शब्दाचं शेपूट तसंच लिहून टाकलं. आमच्या बांधावरचं साप फाडणारं जनावर, त्याला लंडनला पोचेपर्यंत पंख फुटले.

अभिमानानं फुगावं म्हणून मी आणखी खोदत गेले, तर खाली पाणी लागलं. तेलुगूत ते मुंगिस, कानडीत मुंगुसी. म्हणजे भावकी दक्षिणेकडची. ज्या शब्दावर मी कॉलर ताठ करत होते तो बहुतेक आपणच शेजारच्या आवारातून उचललेला. हिंदीतला नेवला या भावकीतला नव्हे, तो संस्कृत नकुलाच्या घरचा. मराठी कोशात नेऊळही आहे, पण आमच्याकडं झुडपातून नेऊळ कधी निघालेलं मी ऐकलं नाही. निघालं ते मुंगूसच.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी हे सगळं चाचांना ऐकवलं. चाचा म्हणजे आमच्या गावातले मेकॅनिक. बीडला बसस्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज. जीपमधली पुढची डावी सीट कायम त्यांची, तिथं दुसरं कुणी बसलं तर ते काही बोलायचे नाहीत, फक्त त्या माणसाकडं बघत उभे राहायचे.

"इंग्रज मुंगूस लेके गये?" चाचा म्हणाले. "आन् साप हितंच ठेवून गेले?"

"शब्द नेला चाचा, जनावर नाही."

"हां, तो ठीक. हमारे में बी मुंगूसच बोलते. नेवला टीवी पे बोलते." मग जरा विचार करून, "पन बेटी, आपल्या हितं तर निजाम व्हता. इंग्रज कुठं आलते मुंगूस न्यायला?"

"कोकणातून गेलं ते."

"मतलब अपना नहीं गया," चाचा म्हणाले आणि त्यांचा या विषयातला रस संपला.

अण्णा गाडी चालवता चालवता सगळं ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न केला. "तिकडं लंडनला दिसतं का ते?"

"नाही. तिकडं मुंगूस नसतं. नुसता शब्द."

"मंग त्येंच्या गाड्या कशा निघत्यात?" अण्णा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

इथं माझ्या बापाचा नियम सांगणं भाग आहे. आमच्या भागात घराबाहेर पडताना मुंगूस दिसलं की काम होतं, हे शेंबडं पोर पण सांगतं. त्यातही शेपूट दिसून भागत नाही, तोंड दिसायला पाहिजे. लहानपणी आम्ही त्याला तोंड दाखवायच्या शपथा घालत बांधानं पळायचो. मोठं झाल्यावर बाकीच्यांचं हे वेड सुटतं. माझ्या बापाला ते मोठेपणी लागलं. एका सकाळी मांजरसुंब्याच्या घाटात त्यांच्या जीपचे ब्रेक गेले. जीप कठड्याला घासत घासत खाली आली, आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर पडली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खाली उतरून अण्णा रस्त्याकडेला बसले आणि म्हणाले, आज मुंगूस दिसलं नव्हतं.

चाचांनी तेव्हाच गाडीखाली जाऊन सांगितलं होतं की ब्रेकचं तेल गळत होतं. अजूनही सांगतात. अण्णा म्हणतात, "तेल कावून गळलं, ते सांगा." शेवटी दोघांची तडजोड झाली. रोज सकाळी चाचा ब्रेक बघणार, अण्णा मुंगूस बघणार, मग गाडी हलणार.

त्यामुळं आमची जीप गावाबाहेरच्या फाट्यावर, जिथं काटेरी वेडी बाभूळ माजली आहे तिथं, इंजिन चालू ठेवून उभी राहते. सवाऱ्या कोंबून भरलेल्या, आणि मालक खिडकीतून बांधाकडं बघतोय. नवीन माणूस विचारतो, कशाला थांबलो? जुना माणूस त्याला गप्प राहायची खूण करतो आणि त्याच्या बाजूचा बांध नेमून देतो. बहुतेक दिवशी दिसतं. बाभळीखाली त्यांचं बीळच आहे. नाही दिसलं तर उशीर. फारच नाही दिसलं तर गाडी परत. मांजराचं नाव असलेल्या गावावरून तुम्ही रोज ये-जा करता त्याचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "मांजर पाटीवर हाय. आडवं कुठं जातंय?"

एम.ए. होऊन मी दोन वर्षं घरी होते. नेकनूरच्या स्टँडवर अण्णांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी प्रोफेसर होणार. त्यामुळं रोज कुणीतरी विचारायचं, "झाली का प्रोफेसर?" आणि अण्णा म्हणायचे, "जागा निघू दी की." आईचं म्हणणं वेगळं होतं. मामानं पुण्याचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा कंपनीत, आणि मामा फोनवर रोज विचारत होता की पोरीला अजून किती शिकवता. आईनं मला सरळ सांगितलं, "ह्या वर्षी लागली तर लागली. न्हाईतर मी भावाला हो म्हणून मोकळी व्हते."

आणि जागा निघाली. बीडच्या एका कॉलेजात इंग्रजीची, तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व माहीत नाही ते सुखी. यात माणूस प्राध्यापक असतो, पण फक्त घंटेपासून घंटेपर्यंत. घंटा झाली की तो परत गावचा. सुट्टीत तो कुणीच नसतो. पगार तासाप्रमाणे, आणि तो कधी येईल हे त्या तत्त्वात लिहिलेलं नाही. तरी त्या एका जागेसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते. त्या वर्षी पंचक्रोशीत इंग्रजीची दुसरी जागा नव्हती.

मुलाखतीला दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं, विषय आपल्या आवडीचा. मी विषय काय घेतला असेल ते सांगायला नको.

मुलाखतीच्या सकाळी आईनं तिची ठेवणीतली साडी मला नेसवली आणि इतक्या पिना टोचल्या की वाकायची सोय राहिली नाही. जीपमध्ये चाचा होते, पाच-सात नेहमीच्या सवाऱ्या होत्या आणि माझ्या शेजारी मेथीवाली मावशी होती, पायाशी मेथीचं गाठोडं घेऊन. ती रोज बीडच्या मंडईत जाते. फाट्यावर गाडी थांबली. चाचांनी ब्रेक दाबून बघितला, मान हलवली. अण्णांनी बांधाकडं तोंड केलं.

मुंगूस आलं नाही.

सुरुवातीला मी शांत होते. तोंडातल्या तोंडात माझा पाठ म्हणत होते. पोर्तुगीज उतरले, फ्रेंचांनी 'त' लावला. मग घड्याळ बघितलं. मग पोर्तुगीजांवरचं लक्ष उडालं.

"अण्णा, निघायचं का?"

"थांब गं माय. आज तर बघूनच जायचं. आज तुझं काम हाय."

"माझं काम बीडला आहे, बाभळीत नाही."

"गप. आवाजानं येत न्हाई ते."

मेथीवाली मावशी कळवळली. "ए भाऊ, माझी मेथी मान टाकायली." आणि मग तिनं एकदम हात बाहेर काढला. "ते बघा! ते बघा! गेलं!"

जीप डाव्या अंगाला कलली, सगळे तिकडं वाकले.

अण्णा हलले नाहीत. "कुठून कुठं गेलं?"

"हिकडून तिकडं."

"तोंड कुणाकडं व्हतं?"

मावशीनं क्षणभर विचार केला. "माझ्याकडंच की."

"तुझ्याकडं व्हतं तर तुझी मेथी खपंल. माझ्या लेकीचं काम कावून व्हईल?"

चाचांनी घसा साफ केला. "भाऊ, मेरेकू बी दिखा."

"तुमाला चष्म्याबिगर पाना दिसत न्हाई."

"पाना बारीक अस्तो. मुंगूस मोटा."

मागून एक जण म्हणाला, "मालक, मला बी दिसल्यासारकं झालं." अण्णांनी आरशातून त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं दिसल्यासारखं झालेलं परत गेलं. खोट्या साक्षी देणाऱ्या माणसांनी भरलेली एवढी जीप जिल्ह्यात दुसरी नसेल, कोर्टाच्या आवारात उभी असेल तर गोष्ट वेगळी. पण माझ्या बापापुढं एकही साक्ष टिकली नाही. या एका बाबतीत त्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं आणि स्वतः कधी खोटं बोलले नव्हते. शेपूट दिसलं तर शेपूटच म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे.

मग माझा तोल गेला. "बाकीचे उमेदवार एस.टी.नं गेले असतील. एस.टी.च्या ड्रायव्हरला मुंगूस लागत नाही!"

"म्हणून तर ते खड्ड्यातून जात्यात."

"अण्णा, मी त्या जनावराची सगळी कुंडली सांगू शकते. तेलुगूत काय म्हणतात, कानडीत काय म्हणतात, लिस्बनला काय, लंडनला काय. ते कुठं-कुठं जाऊन आलंय ते मला ठाऊक आहे. आणि आज ते बिळातून रस्त्यापर्यंत येत नाही म्हणून मी घरी बसायचं? मामाला फोन करून सांगा मग, मुंगूस आलं नाही, पोरगी घेऊन जा!"

मावशीनं उगाच मेथीवर पदर घातला.

अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं. आईच्या साडीकडं, मांडीवरच्या फाईलकडं बघितलं. माझे डोळे भरले होते आणि ते भरल्याचा मला राग आला होता. मग त्यांनी पुन्हा बांधाकडं तोंड केलं.

"दिसलं," ते म्हणाले आणि गिअर टाकला.

"कुठं?" मावशी म्हणाली.

"त्या बाभळीपाशी."

मी त्याच बाभळीकडं बघत होते. तिथं काट्याला एक फाटकी प्लास्टिकची पिशवी अडकली होती आणि ती फडफडत होती. बाकी काही नव्हतं. तोंड दिसलं का शेपूट, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही. चाचांनी आपल्या बाजूची काच वर घेतली.

नेकनूर गेलं, मांजरसुंबा गेला, घाट लागला. मुंगूस दिसलेल्या दिवशी माझा बाप हा घाट एका हातानं उतरतो, दुसऱ्या हातात तंबाखू असते आणि मागच्यांशी गप्पा चालू असतात. त्या दिवशी दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न. समोरून कुणी नसलं तरी हॉर्न. मागच्या गाड्या ओव्हरटेक करून शिव्या देऊन गेल्या. अण्णांच्या मानेवरून घाम शर्टात उतरत होता आणि ऊन अजून तेवढं चढलं नव्हतं.

"ब्रेक एकदम टाईट है भाऊ," चाचा हळूच म्हणाले. "मैं देखा."

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले.

ज्या कठड्याला कधीकाळी गाडी घासली होती, तो जवळ आला तसे त्यांचे ओठ हलायला लागले. मी पुन्हा सुरू केलेला पाठ थांबवला.

कॉलेजात पोचले तेव्हा माझं नाव पुकारून झालेलं होतं. बाहेर दोन उमेदवार बसले होते. एकाच्या गळ्यात टाय होता, दुसऱ्याच्या मांडीवर पेढ्यांचा खोका. शिपायाच्या हातापाया पडून मी शेवटी आत गेले.

आत संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे साहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते दोन फोन समोर ठेवून तिसऱ्यावर बोलत होते. शेजारी बाहेरून बोलावलेले विषयतज्ज्ञ. मी फळ्यावर मुंगूस लिहिलं, बाण काढले, लिस्बन, पॅरिस, लंडन. दुसरीकडून बाण काढले, तेलंगणा, कर्नाटक. दहा मिनिटं मी ज्या तोऱ्यात बोलले तसं आयुष्यात बोलले नव्हते. फाट्यावरचा राग त्यात उतरला असणार.

तज्ज्ञ हसले. "छान. पण मूळ तुम्ही विसरलात. शेवटी सगळं संस्कृतातूनच येतं. नकुल, मग मुकुल, मग मुंगुल, मुंगूस. बघा कसं जुळतं."

दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीनं इथं काय म्हणायला पाहिजे, ते मला कळत होतं. 'हो सर' हे दोनच शब्द होते. त्यांची व्युत्पत्ती शोधायचीही गरज नव्हती.

"नाही सर," मी म्हणाले. "नकुलाचा नेवला झाला, नेऊळ झालं. मुंगूस त्या घरचं नाही. आणि असं जुळवायचंच ठरवलं तर बीड आणि बर्लिन पण जुळेल, दोन्हीत ब आहे."

तज्ज्ञांनी पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, संपलं. मामाचा पुण्याचा मुलगा दिसायला बरा असावा, एवढीच आता आशा.

तेवढ्यात साहेबांनी फोन खाली ठेवला. ते फळ्याकडं बघत होते. "गाव कुठलं म्हणालात तुमी?"

मी सांगितलं.

"नेकनूरच्या आतलं ना ते? तिथली एक काळी-पिवळी हाय. मुंगूस बघितल्याबिगर हलत न्हाई ती."

"हो."

"कोण तो?"

"माझे वडील."

साहेब खुर्चीत मागं टेकले. तज्ज्ञांना सांगायला लागले, "अहो, काय माणूस हाय! जिल्हा परिषदेचा फॉर्म भरायला निघालतो, शेवटचा दिवस, आणि हिकडं आमची गाडी बंद पडली. ह्यांच्या जीपमधी बसलो. जीप फाट्यावर उभी. मी म्हणलं, चल बे लौकर, मी कोण हाय म्हाईत हाय का? तर म्हणतो कसा, मला सांगू नका, मुंगसाला सांगा."

तज्ज्ञ कसनुसं हसले.

"बसलो गप. दिसलं एकदाचं. टायमात पोचलो आन् निवडून आलो! तवापासून लई मानतो मी." साहेब पुढं वाकले. आवाज खाली आला. "आज दिसलं का?"

आता बघा. एका अक्षरावरून तज्ज्ञाशी भांडणारी मी. कोशात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही, असं पाच मिनिटांपूर्वी तोंड वर करून सांगणारी. माझ्या डोळ्यांपुढं ती फडफडणारी पिशवी आली. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलेला घाट आला.

"दिसलं," मी म्हणाले.

"तोंड?"

"तोंडच."

साहेबांनी तज्ज्ञांकडं बघितलं. "मंग आता काय राह्यलं?"

तर अशा रीतीनं, तुलनात्मक भाषाशास्त्र, सेट आणि दोन डिग्र्या यांच्या जोरावर मला नोकरी लागली. पेढ्यांचा खोका त्याच संध्याकाळी परत गेला असेल, नाहीतर पुढच्या जागेसाठी ठेवला असेल.

परत येताना जीपमध्ये अण्णा आणि मी दोघंच होतो. घाट चढून वर आल्यावर ते म्हणाले, "काय काय इचारलं?"

"मुंगूस दिसलं का, ते विचारलं."

गाडी जरा हळू झाली. "कोणी?"

"साहेबांनी. तुम्ही त्यांना फाट्यावर बसवून ठेवलं होतं म्हणे."

"आस्सं. मंग? तू काय सांगितलंस?"

"दिसलं म्हणाले."

अण्णांनी समोरचा खड्डा चुकवला. मग म्हणाले, "तोंड म्हणलीस का शेपूट?"

"तोंड."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि खिशातली तंबाखूची पुडी काढून माझ्याकडं दिली. "धर. आज दोन्ही हात स्टेअरिंगलाच पायजेत."

नेकनूरच्या स्टँडवर त्यांनी गाडी मुद्दाम थांबवली. कुणी विचारेना, म्हणून शेवटी स्वतःच पानटपरीवाल्याला म्हणाले, "इचार की, झाली का प्रोफेसर."

आईनं मामाला फोन लावला. मामा म्हणाला, तासिका म्हणजे काय? आई म्हणाली, "मला काय म्हाईत? पण लागली."

पहिल्या दिवशी माझा पहिलाच तास होता. मी लवकर आवरलं, पिना या वेळी स्वतः टोचल्या. तेच चाचा, तीच मावशी, तोच फाटा. चाचांनी ब्रेक दाबला, मान हलवली. अण्णांनी बांधाकडं तोंड केलं. थोड्या वेळानं मी घड्याळ बघितलं. तासिका तत्त्वात तास बुडाला की तेवढ्या तासापुरता माणूस प्राध्यापक नसतो.

"दिसलं अण्णा," मी म्हणाले. "चला."

"कुठं?"

"त्या बाभळीपाशी."

अण्णांनी बाभळीकडं बघितलं. पिशवी अजून तिथंच होती. "न्हाई."

"त्या दिवशी तुम्हाला तिथंच दिसलं होतं ना?"

"त्या दिशी दिसलं व्हतं," ते म्हणाले. "आज न्हाई दिसलं. मास्तरीण झालीस म्हणून खोटं बोलायचं न्हाई."

चाचा आरशात माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. मावशीनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला कोपरानं ढोसलं. "माय, तू तर आता इंग्रजी शिकवती. घाल की त्याला हाक इंग्रजीत. तिकडलंच झालंय म्हणतीस ना ते?"

घंटेला किती वेळ उरला होता ते मला ठाऊक होतं, म्हणून मी खिडकीतून तोंड काढलं आणि लंडनमध्ये म्हणतात तश्शा उच्चारात, गूस जरा लांबवून, बांधाकडं बघून हाक मारली. पाठीमागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाभळीत काही हललं नाही.

"वो कोंकणवाला था बेटी, जो उधर गया," चाचा म्हणाले. "अपना वाला मराठीच समझता."

मग मी मराठीत हाक मारली.